समोरच्या मशीनचे निम्मे दिवे बंद

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्या खांबाने मला तिसऱ्यांदा मारलं. मुद्दाम असं लिहितो आहे, कारण मी खांबाला धडकलो असं लिहिलं तर दोष माझा ठरतो. मी एकतीस वर्षं याच फुटपाथवरून दुकानात जातो आहे. खांब आला दीड महिन्यापूर्वी. कोण कोणाच्या वाटेत आलं ते उघड आहे.

स्कूटरवाल्यांनी फुटपाथवर चढू नये म्हणून नगरपालिकेने गुडघ्याएवढे लोखंडी खांब रोवलेत. स्कूटरवाले दोन खांबांच्या मधून मजेत चढतात. पायी चालणाऱ्या सरळमार्गी माणसाची नडगी मात्र फुटते. घरी आल्यावर हिने मलम लावलं आणि म्हणाली, "अहो, बाकी कुणाची नडगी फुटल्याचं ऐकलं नाही."

"लोक सोसतात. बोलत नाहीत. म्हणून तर देशाचं हे असं झालंय."

"देशाचं राहू द्या, पाय वर घ्या," ही म्हणाली.

ही वही लेन्स कंपनीच्या एजंटाने दिली. पानोपानी त्यांची जाहिरात होती, ती मी पट्ट्या चिकटवून झाकली. कागद त्यांचा असला तरी मतं माझीच राहणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या समोरचं चपलांचं दुकान बंद झालं होतं, तिथे आज माझ्यासारखंच चष्म्याचं दुकान उघडलं. माझ्या नाकावर टिच्चून. काचेवर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'डोळ्यांची संपूर्ण संगणकीय तपासणी, मोफत'. आत एक तरुण मुलगी पांढरा कोट घालून उभी असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला हसून नमस्कार करते. आमच्या धंद्यात हसायचं काय असतं ते मला अजून कळलेलं नाही.

तंत्रज्ञानाबद्दल माझं मत पक्कं आहे. मोबाईल आला आणि लोक फोन नंबर विसरले. नकाशा बोलायला लागला आणि लोक रस्ते विसरले. आता संगणक सांगणार की तुम्हाला दिसतंय की नाही. म्हणजे उद्या लोक दिसायचंही विसरणार.

माझ्याकडे काय आहे? एक खुर्ची, काचांची एक पेटी आणि वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता. शेवटची ओळ वाचली तर डोळे ठीक. नाही वाचली तर चष्मा. यात संगणकाने करायचं काय राहिलं?

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आणि नात जेवायला आल्या होत्या. लेक एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढते. छत्तीस वर्षांची आहे, पण मला अजून शिकवते. आज तिने सुरुवातच केली, "बाबा, तुम्ही स्वतःचे डोळे शेवटचे कधी तपासलेत?"

"रोज सकाळी. दुकान उघडलं की शेवटची ओळ वाचतो."

"तो तक्ता तुम्हाला पाठ आहे बाबा."

हे मात्र मला लागलं. मी उठलो, एजंटाने दिलेला नवा कोरा तक्ता काढला, पॅसेजच्या टोकाला लावला आणि एकेक डोळा झाकून शेवटची ओळ घडाघडा वाचली. हिच्याकडून खात्री करून घेतली. एकही अक्षर चुकलं नव्हतं. लेकीने टाळ्या वाजवाव्यात अशी माझी अपेक्षा नव्हती, पण तिचा चेहरा पडायचं कारण नव्हतं.

"समोरचं दिसतं हो तुम्हाला," ती म्हणाली. "बाजूचं काय?"

"बाजूला बघायला देवाने मान दिली आहे."

मग तिने काचबिंदूचा विषय काढला. आजोबांना शेवटी शेवटी दिसत नव्हतं, भिंत चाचपत चालायचे, ते घराण्यात येतं वगैरे. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होऊन गेले, त्या वयात भिंत चाचपली तर बिघडलं कुठे? शिवाय काचबिंदू म्हणजे लाल डोळे, ठणका, उलट्या. अशी दोन माणसं मी या एकतीस वर्षांत स्वतः बघितलेत. माझ्या डोळ्यांची आजवर तक्रार नाही.

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचं होतं," म्हणत तिने पर्समधून काहीतरी काढलं. पण मी तोवर खांबांच्या अर्जाचा मसुदा आणायला उठलो होतो. तो ऐकवून होईपर्यंत नात झोपली आणि त्या निघाल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानदार संघाची बैठक. पुढच्या महिन्यात अध्यक्षाची निवडणूक आहे. उमेदवार दोन, मी आणि सलूनवाला. सलूनवाल्याचा कार्यक्रम काय, तर कचऱ्याची गाडी वेळेवर आणणार. माझा कार्यक्रम खांब हटवणार. राजकारणात कचऱ्याच्या वर गेलंच पाहिजे.

सलूनवाल्याने खवचटपणे विचारलं, "दादा, किती जण धडकले खांबाला?"

मी तयारीनिशी गेलो होतो. धडक बसलेल्यांनी नोंद करावी म्हणून मी दुकानात वही ठेवली आहे. ती उघडून दाखवली. अकरा नोंदी आहेत. सगळ्या खांबांच्या मिळून दहा माझ्या आहेत हे खरं, पण अकरावी एका कुरिअरवाल्याची आहे. तो मोबाईलमध्ये बघत चालला होता हे सांगायची गरज मला वाटली नाही.

 नंतर भाजीवालीने काही न विचारता अर्जावर सही केली आणि म्हणाली, "सांभाळून चाला हो दादा." आकडे समोर ठेवले की माणसं अशी विरघळतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज वाद झाला. रोजच्यासारखा नातीला शाळेतून स्कूटरवर आणत होतो. चौकात डावीकडून एक पांढरी गाडी हवेतून पडल्यासारखी समोर आली. मी ब्रेक दाबला, त्यानेही दाबला. दोन बोटांचं अंतर राहिलं. गाडीवाला खाली उतरून ओरडला, "अहो, केव्हापासून हॉर्न देतोय, बघत काय होतात?" मी म्हटलं, समोर बघत होतो, वाहन चालवताना समोर बघतात. तर म्हणे, "मी तुमच्या शेजारीच होतो." अशा माणसाशी काय बोलायचं.

नातीने घरी जाऊन सगळं साग्रसंगीत सांगितलं. आबांना मोठी पांढरी गाडी दिसली नाही, मला दिसली, असं. सहा वर्षांची साक्षीदार, पण घरच्या कोर्टात तिचंच चाललं. लेकीचा फोन आला. उद्यापासून नात शाळेच्या बसने येणार. आवाज रडवेला होता. मी म्हटलं, बसवाले काय मोठे दिवे लावतात?

संध्याकाळी स्कूटरची किल्ली सापडेना. हिला विचारलं.

"मी ठेवली आहे."

"कुठे?"

"सांगायची असती तर ठेवली कशाला असती?"

माझ्याच घरात मी पायी झालो. हिला लेकीची फूस आहे, आणि लेकीला समोरच्या दुकानाची जाहिरात. मुळावरच घाव घालायला हवा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज शत्रूच्या गोटात जाऊन आलो. समोरच्या मुलीला म्हटलं, करा बघू तुमची संपूर्ण संगणकीय तपासणी. ती म्हणाली, "या ना काका, मी केव्हापासून तुम्हाला बोलावणारच होते." गोड बोलून गिऱ्हाईक फोडायचं, हेच या मुलीचं शिक्षण.

मशीन म्हणजे एक मोठा पांढरा वाडगा, आडवा केलेला. त्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा. मधोमध पिवळा ठिपका असतो, त्याच्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही पांढरी ठिणगी दिसली की हातातलं बटण दाबायचं. पोरखेळ.

मी बसलो. ठिणगी दिसली, दाबलं. दिसली, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मशीन आतून टक् टक् करत होतं, म्हणजे चालू होतं, पण दिवा लागत नव्हता. मी टक् मोजले. सलग चौदा टक् आणि एकही ठिणगी नाही. दुसऱ्या डोळ्यालाही तेच, फक्त जागा वेगळी. माझ्या मनात उजेड पडला. वाडग्यातले निम्मे दिवे गेले होते आणि ही मंडळी लोकांना फुकट म्हणून बसवत होती.

मी तोंड बाहेर काढून तसं स्पष्ट सांगितलं.  मुलीने कागद छापून काढला. त्यावर दोन गोल होते. उजव्या गोलाचा खालचा भाग काळा, डाव्याचा कडेचा. जिथे दिवे गेलेत नेमका तिथे काळा रंग, म्हणजे मशीन स्वतःच कबूल करतंय.

"काका, डॉक्टरांना दाखवा," ती हळू आवाजात म्हणाली. "याच आठवड्यात. घरचं कुणीतरी बरोबर घेऊन जा."

"बाई, हे डॉक्टरला नाही, मेकॅनिकला दाखवा," मी म्हटलं आणि कागद घेऊन आलो. मला उत्तर देताना तिचे डोळे भरून आले होते. चोरी पकडली गेली की असंच होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कागद मी माझ्या दुकानाच्या दर्शनी काचेवर चिकटवला. खाली जाड पेनाने लिहिलं, 'पाहा मोफत तपासणीचा नमुना! समोरच्या मशीनचे निम्मे दिवे बंद!' वर माझं नाव आणि तपासणीची तारीखही आहे, म्हणजे कुणी खोटं म्हणायला नको.

परिणाम लगेच दिसला. दिवसभर लोक काचेशी थांबून वाचत होते. औषधवाला तर पाच मिनिटं उभा होता, मग आत येऊन विचारून गेला, "बरे आहात ना?" असा लोकसंपर्क मी एकतीस वर्षांत केला नव्हता.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सलूनवाल्याला मी आव्हान दिलं होतं की तूही त्या मशीनवर बसून बघ, निम्मे दिवे लागले तरी पुष्कळ. तो काल बसून आला. त्याला म्हणे सगळे दिवे दिसले. कागद आणून दाखवला, दोन्ही गोल पांढरेशुभ्र. म्हणजे माझी सूचना वाचून त्या लोकांनी गुपचूप दिवे बदलले. निदान तेवढी तरी लाज आहे.

हे मी त्याला समजावून सांगितलं. तो माझ्या तपासणीच्या खुर्चीत बसून ऐकत राहिला. एरवी हा माणूस दाढी करताना समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. आज त्याने स्वतःच्या हाताकडे बघत विचारलं, "दादा, घरी तुमचा कागद बघितलाय का कुणी?"

"घरच्यांचा राजकारणाशी काय संबंध?"

"नाही, सहज विचारलं. आणि अध्यक्ष तुम्हीच व्हा. मी अर्ज मागे घेतो."

माझा असा धसका घेईल असं वाटलं नव्हतं. पुराव्याची ताकद मोठी असते. जाताना त्याने माझ्या दारातलं पायपुसणं सरळ केलं.

२ मार्च, रविवार

बिनविरोध निवड झाली. मी भाषण केलं. तंत्रज्ञान, नगरपालिका, फुकटेपणा, सगळ्यांचा समाचार घेतला. टाळ्या पडल्या. खांबांबद्दल मात्र गुळमुळीत ठराव झाला. हटवायचे नाहीत, सलूनवाल्याच्या सूचनेवरून संघ ते भडक पिवळे रंगवणार. हरलेला उमेदवार ठराव मांडतो आणि तो एकमताने पास होतो, ही आपली लोकशाही.

पण पदाचा मान काही औरच असतो. भाजीवालीने माझ्या वाटेतले खोके स्वतःहून आत घेतले. औषधवाल्याने रस्ता ओलांडताना माझा दंड धरला. सत्ता आली की माणसं अशी हात धरायला धावतात. मी त्यांना ओळखून आहे.

५ मार्च, बुधवार

लेक आज ऑफिस अर्धं टाकून दुकानात आली. औषधवाल्याने फोन केला होता म्हणे. मी आतून बघत होतो. ती काचेबाहेर उभी राहून तो कागद बघत होती. बराच वेळ. मी म्हटलं, आता तरी पोरीला पटेल.

ती आत आली आणि पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या काउंटरवर ठेवला. तसेच दोन गोल. उजवा पांढरा. डाव्यात एका बाजूला काळी कोर.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"माझा. डोळ्यांच्या हॉस्पिटलातला. तिथल्या मशीनचेही दिवे गेलेत का बाबा?"

मी कागद उलटा करून बघितला. का ते माहीत नाही. मागे कोरा होता.

आठ महिने झाले, ती रोज थेंब घालते आहे. गेलं ते परत येत नाही, राहिलं ते टिकवायला थेंब. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात कुणाला आहे का, आईवडिलांचे डोळे तपासलेत का. तेव्हापासून ती माझ्या मागे लागली होती. मला वाटत होतं, जाहिरातीच्या मागे लागली आहे.

"आठ महिने बोलली का नाहीस?"

"दोनदा सांगायला आले. एकदा तुम्ही समोरच्या दुकानावर बोलत होतात, एकदा खांबांवर."

मग म्हणाली, "आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तुमच्याकडेच आले होते ना. डाव्या बाजूने कुणी आलं की मी दचकते, म्हटलं होतं. तुम्ही इथे बसवलंत."

मला आठवलं. बसवलं होतं. तिने शेवटची ओळ वाचली होती, आणि मी हिला फोन करून सांगितलं होतं की आपल्या घराण्याचे डोळे एक नंबर आहेत, पोरगी कामाने दमली आहे, तिला झोपायला सांग. ती दमली होती म्हणून दीड वर्षं झोपत राहिली. त्या दीड वर्षात ती कोर केवढी वाढली ते कुणालाच सांगता येणार नाही.

ती चिडली असती तर मला बरं पडलं असतं. माझ्याकडे चिडलेल्या माणसांसाठी उत्तरं आहेत.

६ मार्च

दुकान उघडलं नाही.

१० मार्च, सोमवार

डॉक्टरकडे जाऊन आलो. ही बरोबर होती, लेकही. तिथेही वाडगा होता. तिथेही टक् टक् झालं आणि दिवे लागले नाहीत. या वेळी मी टक् मोजले नाहीत.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहूनही लहान दिसतात. त्यांनी कागद पुढे ठेवला आणि विचारलं, "काका, व्यवसाय काय?" मी सांगितलं. त्या कागदाकडे बघू लागल्या. ही लगेच म्हणाली, "चष्मे चांगले करतात हो हे." चाळीस वर्षांत हिने माझी बाजू घेतल्याचं मला आठवत नाही, आणि घेतली ती अशा ठिकाणी.

काचबिंदूच आहे, न ठणकणारा; दोन्ही डोळ्यांत दाब खूप आहे. उजव्याचं खालचं गेलं, डाव्याचं कडेचं. मधलं शाबूत आहे, म्हणून शेवटची ओळ वाचता येते. अगदी शेवटपर्यंत वाचता येईल, असं बाई म्हणाल्या. त्यांनी ते समजावण्यासाठी सांगितलं, टोमणा म्हणून नव्हे. थेंब आजपासून. स्कूटर नाही. नातीला शाळेतून आणायचं असेल तर पायी, आणि तिने हात धरायचा, हा हिचा निकाल.

परत येताना मी नेमका त्या चौकात थांबलो. डावीकडे मान वळवून बघितलं. रस्ता होता. चांगला रुंद रस्ता आहे. मी तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत लेकीचं लेकरू पुढे उभं करून तिथून जात होतो. हिने मला औषधवाल्याच्या पायरीवर बसवलं.

१३ मार्च, गुरुवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आख्खी गल्ली माझा कागद वाचून गेली. सगळ्यांना कळलं होतं. सलूनवाल्याला कळलं, भाजीवालीला कळलं. म्हणजे मी लोकांनी निवडून दिलेला अध्यक्ष नाही, कीव येऊन बसवलेला आहे. राजीनामा लिहिला आणि सलूनवाल्याकडे घेऊन गेलो. तो कुणाचे तरी केस कापत होता. न बघता म्हणाला, "राहू द्या दादा. कचऱ्याची गाडी मी आणतो, भाषणं तुम्ही करा. मला भाषण जमत नाही." राजीनामा त्याने वस्तरा पुसायला घेतला. हा माणूस मला अजूनही आवडत नाही, पण कारण सापडत नाही.

मग दुकानात येऊन काचेवरच्या कागदाखालची माझी ओळ पुसली आणि नवी लिहिली, 'हे माझे डोळे आहेत. शेवटची ओळ मला आजही वाचता येते. तुमचे समोर तपासून घ्या, मोफत आहे.'

समोरची मुलगी रस्ता ओलांडून आली. मला वाटलं, आता माफी मागावी लागणार, आणि मागितलीही. ती म्हणाली, "काका, तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांची यादी आहे का?" आहे. एकतीस वर्षांच्या वह्या आहेत, प्रत्येक नावापुढे नंबर आणि शेरा. 'डोळे ठीक' असं किती ठिकाणी लिहिलंय ते मी दुपारी मोजायला बसलो आणि चौथ्या पानावर थांबलो. उद्यापासून फोन करायचे आहेत. पहिल्या तिघांनी मला वेडा म्हटलं तरी चालेल, चौथ्याला करीन.

१६ मार्च, रविवार

लेक आणि नात जेवायला आल्या. आता आमच्या दोघांच्या थेंबांची वेळ एकच आहे. औषधही एकच, फक्त बाटल्या वेगळ्या. जेवणाआधी लेकीने मला खिडकीजवळ बसवून माझे थेंब घातले. मी दोनदा डोळा मिटला, तिने दोनदा दटावलं. नात म्हणाली, आबा घाबरतात. मी म्हटलं, घाबरत नाही, मत वेगळं आहे.

मग लेकीने तिची बाटली माझ्या हातात दिली आणि खुर्चीत मागे रेलून मान वर केली. "आता तुम्ही."

"अगं, तू रोज स्वतः घालतेस ना?"

"घालते. आज तुम्ही घाला."

पहिला थेंब गालावर पडला. दुसरा पापणीवर. ही शेजारून म्हणाली, "एकतीस वर्षं डोळ्यांचं दुकान चालवलं यांनी."  लेक खालची पापणी बोटाने ओढून धरून वर बघत होती. डोळा मुळीच हलत नव्हता.  पोरीचा डोळा मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिला खुर्चीत बसवलं, तेव्हा मी वीस फुटांवर तक्त्यापाशी उभा होतो.

मी आणखी जवळ सरकलो. तिसरा थेंब आत पडला.